फोनच्या सुट्या भागांवर डिझाइनचा हक्क न्याय्य आहे का?

म्हापशातील दुरुस्तीकार:
वस्तूच्या रूपाला संरक्षण असावे हे मला मान्य आहे. ते सुट्या भागांपर्यंत पोहोचते हे मला अन्यायाचे वाटते. आपल्या २००० च्या डिझाइन कायद्याने नोंदणी १० वर्षांसाठी मिळते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते. त्याच कायद्यात वेगळा तयार करून विकता येणारा भागही ‘वस्तू’ ठरतो, त्यामुळे फोनच्या बॅक ग्लासचीही स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. काल तडकलेली एक काच मी हीटिंग मॅटवर गरम करून, कडेने पातळ पाते फिरवत सोडवली. नव्या काचेतले कॅमेऱ्याचे भोक केसभर जरी सरकलेले असते, तरी ती बसली नसती. ज्या भागाला दुसरा आकार देणे शक्यच नाही, त्याच्या आकारावर मक्तेदारी कशासाठी? त्या रूपाचे पैसे गिऱ्हाइकाने फोन घेतानाच मोजलेले असतात.

वेर्ण्यातील डिझायनर:
भाऊ, निव्वळ यांत्रिक गरजेतून आलेल्या आकाराला हा कायदा संरक्षण देत नाही; डोळ्यांना दिसणारे रूप तेवढेच तो पाहतो. एका स्पीकरच्या जाळीसाठी मी चार महिने फोमचे नमुने घासले, कडेचा उतार हाताला टोचू नये म्हणून तो अकरा वेळा बदलला, आणि बाजारात आल्यावर दोन महिन्यांत तीच जाळी, तोच उतार अर्ध्या किमतीत विकायला आला. नक्कल करणाऱ्याने फक्त साचा पाडला. शिवाय कलम २२ खाली, नुकसानभरपाईचा दावा न लावता ठरावीक रक्कमच मागितली, तर एका डिझाइनमागे फार तर ५०,००० रुपये मिळतात. एवढ्याशा संरक्षणाला मक्तेदारी म्हणणे मला पटत नाही.

फोंड्यातील वकील:
रक्कम सगळीकडे एवढी लहान नसते. अमेरिकेत डिझाइन पेटंटचा, म्हणजे रूपावरच्या तिथल्या हक्काचा, भंग झाला की त्या वस्तूवरचा संपूर्ण नफा मागता येतो. अ‍ॅपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात गोल कोपरे आणि आयकॉनची मांडणी यांवरही वाद होता. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वस्तू’ म्हणजे फोनचा एखादा घटकही असू शकतो, म्हणजे नफा तेवढ्या घटकापुरताही मोजता येतो, असे एकमताने ठरवले. तरी २०१८ मध्ये ज्युरीने सॅमसंगने द्यायची सुमारे ५३.९ कोटी डॉलरची भरपाई ठरवली.

म्हापशातील दुरुस्तीकार:
वेर्ण्याच्या ताई, तुमच्या जाळीची नक्कल करून दुसरा स्पीकर विकणारा चोरच आहे. पण तुमच्याच स्पीकरची फुटलेली जाळी बदलणारा त्याच पंक्तीत बसू नये. युरोपीय संघाने २०२४ मध्ये हाच फरक केला: मूळ रूप परत आणण्यासाठी हुबेहूब जुळणाराच भाग लागत असेल, तर दुरुस्तीपुरते तो बनवता येतो, मात्र तो कोणी बनवला हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. अशी तरतूद आपल्या कायद्यात आली, तर काच कोणी बनवली ते मी प्रत्येक बिलावर आनंदाने लिहीन.