कीर्तन 'संगीत'मध्ये टाकलं, चुकलं का?

नौपाडेकर (धागाकर्ता)
पुढच्या महिन्यात घंटाळीच्या सहयोग मंदिरात नारदीय कीर्तन ठेवलंय. तिकीट दीडशे. ऑनलाइन नोंदणी करताना मुख्य प्रकार एकच निवडता येतो: संगीत, नाटक, कॉमेडी, लहान मुलं, कार्यशाळा, अध्यात्म. गेल्या वर्षी सरळ 'अध्यात्म'वर टिचकी मारली. मग आमचे बुवा टॅरो कार्ड आणि 'सात दिवसांत चक्रशुद्धी' यांच्या मधोमध फोटोत हसत उभे. ऑनलाइन तिकिटं गेली अकरा, त्यातली चार आमच्याच घरात. यंदा मी 'संगीत' निवडलं. मंडळातले एक काका म्हणतात, ही फसवणूक आहे. तुमचं मत?

पाचपाखाडीचा पेटीवाला
काका बरोबर आहेत. मी कीर्तनाला साथ करतो म्हणून सांगतो. नमन झालं की बुवा एक अभंग घेतात आणि पाऊण तास त्याचंच निरूपण चालतं. हा पूर्वरंग. मग बुक्का, हार, आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान. 'संगीत' वाचून आलेला माणूस पूर्वरंगात विसाव्या मिनिटाला मोबाइल काढतो. समोरच्या रांगेत असे चार उजेड दिसले की बुवांचा सूर पडतो आणि मलाच पट्टी सांभाळावी लागते. माणूस कमी चालेल, चुकीचा नको.

ऐरोलीची मुग्धा
आणि बरोबर माणूस तुम्हाला सापडणार कसा? मी 'अध्यात्म' हा कप्पा उघडतच नाही. शनिवारी काय ऐकायला जाता येईल म्हणून 'संगीत' बघते. ओवी, आर्या, साकी, दिंडी, कटाव असे पद्यप्रकार एका बैठकीत, पेटी-तबल्यावर, तेही दीडशेत! ट्रान्स हार्बरने दोन स्टेशनं, मी येते. पूर्वरंगात मोबाइल काढणार नाही, लिहून देऊ?

चरईतला प्रेक्षक
दोघंही चुकताय. हे 'नाटक' आहे. एकच माणूस सुदामा होतो, त्याची बायको होतो, द्वारपाल होतो, आणि उपरणं डोक्यावर घेतलं की रुक्मिणी. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक उभं केलं तेव्हा त्यातली बरीच पदं साकी-दिंडीच्या चालीवर होती. कान आधी कीर्तनाने तयार केले होते. ठाण्यात गडकरीला नाटक बघणारा वर्ग मोठा आहे. तो तासभर बोलणं ऐकायला तयार असतो, 'संगीत'वाला नसतो.

पेटीवाला
@चरई, हा मुद्दा खरं तर तुमच्या बाजूने चांगला आहे. पण नेपथ्य कुठंय, असं विचारणारे येतील हो.

माळकरी
आधी मला सांगा, कीर्तनाला तिकीट? तुकोबांनी कीर्तन करणाऱ्याने तिथलं अन्नही घेऊ नये म्हटलंय. तुम्ही क्यूआर कोड लावताय.

नौपाडेकर
माऊली, बुवा मानधन घेत नाहीत. दीडशे रुपये हॉलचे, तबला-पेटीचे आणि ध्वनिक्षेपकाचे. तिकीट नसताना हॉल भरायचा आणि पैसे माझ्या खिशातून जायचे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

कोपरखैरण्याचा कोडवाला
तांत्रिक बाजू. सर्च इंजिनांना कार्यक्रम ओळखता यावेत म्हणून स्कीमा डॉट ऑर्गवर प्रकारांची एक यादी आहे. त्यात संगीत, नाट्य, नृत्य, कॉमेडी, साहित्य, खाद्य, झालंच तर हॅकेथॉनलाही स्वतंत्र प्रकार आहे. धार्मिक कार्यक्रमाला नाही. म्हणजे कप्पे पाडणाऱ्यांच्या डोळ्यापुढे कीर्तन कधी आलंच नाही, आणि आपण 'खरा' कप्पा शोधतोय. कप्पा हे फक्त दार. खरं काय ते नावात लिहा. आत्ता तुमच्या पानावर नुसतं 'भक्तिरंग' आहे, त्यातून काय कळणार? 'नारदीय कीर्तन: सुदामचरित्र, अडीच तास, पेटी-तबला साथ' असं टाका. आणि कुणी कराचं भूत दाखवलं तर: नाटक असो की गाणं, माणशी 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट आहे. त्या भीतीने प्रकार बदलू नका.

पेटीवाला
नावाचं पटलं. 'भक्तिरंग' वाचून मलाही वाटलं असतं की चार गायिका आणि एक निवेदक. तरी 'संगीत'ला माझा विरोध कायम. नाव कापलं जातं मोबाइलवर, कप्पा कापला जात नाही.

मुग्धा
म्हणून 'नारदीय कीर्तन' आधी लिहायचं, 'भक्तिरंग' उडवायचं. इतकं सोपं आहे.

नौपाडेकर
नाव बदललं. कप्पा 'संगीत'च ठेवलाय. काका दोन दिवस बोलणार नाहीत, चालेल. एक गंमत सांगतो. नाव बदलायच्या आधी तिकीट काढलेल्या एका बाईंचा आज फोन आला, "गायक कोण आहेत?" म्हटलं, गायक नाहीत, बुवा आहेत, कीर्तन आहे. पैसे परत हवे असतील तर देतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "कीर्तन का? मग सासूबाईंचं एक वाढवा. आणि खुर्ची कडेची द्या." आता हे कुणाच्या बाजूने धरायचं?

पेटीवाला
सासूबाईंच्या. त्या 'संगीत'मधून आलेल्या नाहीत.