मदत हवी आहे: पोकरमध्ये एके (एक्का-राजा) आणि टॉप पेअर (बोर्डवरच्या सर्वात मोठ्या पानाची जोडी), टर्नला (चौथ्या उघड्या पानाला) अडकलो. कॉल (तेवढेच भरू) की फोल्ड (पाने टाकू)?

बटणावरचा_बंडू: होल्डम, ब्लाइंड (पाने वाटण्याआधी सक्तीने भरायचे पैसे) 50-100. बटणावरून (शेवटी खेळणाऱ्या जागेवरून) एके, रेझ 400, दोन कॉल: बिग ब्लाइंड (100 वाला) आणि आमच्या मधला एक. फ्लॉप (पहिली तीन उघडी पाने): बदाम राजा, बदाम दश्शी, किलवर नव्वी. मी 800 लावले, दोघेही कॉल. टर्न बदाम सत्ती. बिग ब्लाइंडने उठून 2500 लावले. काय करायचं? लवकर सांगा.

किलवर_दुर्री: स्टॅक (समोरचे चिप्स) किती? एक्का कशाचा? मधल्याने काय केलं? हे तिन्ही गाळून उत्तर कसं मागतोस?

ऑल_इन_आप्पा: घाबरता काय, टॉप पेअर, टॉप किकर (जोडीसोबतचं सर्वात मोठं पान) आहे! उलट ऑल इन मारा, सगळेच लावा.

किलवर_दुर्री: कुणाला पळवणार, आप्पा? राणी-गुलामाची सीक्वेन्स फ्लॉपवरच लागली होती. आता गुलाम-अठ्ठी, अठ्ठी-छक्की आणि बदामाचा फ्लशही (पाच बदाम) लागला. त्यातलं कुणी फोल्ड करणार नाही, आणि फोल्ड करतील ते तसेही तुमच्या मागेच होते.

चेक_बॅक: चूक फ्लॉपलाच झाली. दोघांसमोर अशा बोर्डवर चेक करून (काही न लावता) पॉट (जमलेले पैसे) लहान ठेवायचा.

किलवर_दुर्री: आणि फ्लश ड्रॉवाल्याला (एक बदाम कमी असलेल्याला) फुकट पान दाखवायचं? त्याला पुढच्या पानावर फ्लश लागायची शक्यता 19 टक्के आहे. 1250 च्या पॉटमध्ये 800 लावले की पहिल्या कॉलरला कॉल परवडायला 28 टक्के शक्यता लागते. दुसऱ्याला मात्र जेमतेम 22. म्हणून दोघे असतील तर हजार लावावेत.

बटणावरचा_बंडू: एक्का बदामचाच, ते महत्त्वाचं आहे का? स्टॅक सगळ्यांचे 10,000.

किलवर_दुर्री: तेच तर महत्त्वाचं! मधला फोल्ड असेल तर 2500 भरून 8650 चा पॉट, म्हणजे 29 टक्के हवेत. नऊ बदाम उरले, 46 पैकी 9, साधारण 19.6. नदीवर (पाचव्या, शेवटच्या पानावर) आणखी 4100 निघाले तरच बरोबरी. आणि समोर आधीच फ्लश असेल तर दोन बदाम त्याच्याच हातात, 44 पैकी 7, म्हणजे 16. राजावर तर मुळीच भिस्त ठेवू नकोस, राजा-दश्शीवाल्याचं तो फुल हाउस (तीन राजे, दोन दश्श्या) करतो. मी फोल्ड करेन.

पॉकेट_पंजी: हातात जोडी असेल तर फ्लॉपला सेट (तिसरं तसंच पान) 11.8 टक्के वेळा लागतो, हेही लक्षात ठेवा.

चेक_बॅक: जोडी कुणाकडे आहे इथे?

ऑल_इन_आप्पा: ऑनलाइन खेळताय का? पैशाचा पोकर 2025 च्या कायद्याने बंद झालाय.

बटणावरचा_बंडू: गोव्यात टेबलावर, आप्पा. आणि हो, मधल्याने कॉल केला होता.

किलवर_दुर्री: आता सांगतोस! मग 22.4 टक्केच लागतात, नदीवर दोघांकडून मिळून 1600 निघाले तरी पुरे. कॉल. बदाम पडला तर लावायचं, एक्का किंवा राजा पडला तर चेक. मधल्याचा कॉल तुझ्याआधी झाला होता ना?

चेक_बॅक: रेक (पॉटमधला कॅसिनोचा वाटा) कापून धरला का हिशोबात?