मदत हवी आहे : दंडाचे हाड जुळल्यावर शर्यतीत कधी उतरावे?

माझा धाकटा भाऊ चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतींत उतरतो. आठ महिन्यांपूर्वी घसरून पडल्याने त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले आणि प्लेट बसवावी लागली. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते. तो स्वतःला तयार म्हणवतो, पण पाण्याची कळशी अजून डाव्या हातानेच उचलतो, हे मी रोज पाहते. २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेथ ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतींतला विश्वविजेता मार्क मार्केझ याचे हेच हाड मोडले, आठवडाभरात तो पुन्हा गाडीवर बसला, पुढे प्लेट तुटली आणि दोन वर्षांत एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या, हे ठाऊक असल्याने धास्ती वाटते. जोरात ब्रेक लावताना हातांवर येणारा भार पेलेल की नाही, हे ट्रॅकवर जाण्याआधी कसे तपासावे? अनुभवी रायडर व फिजिओथेरपिस्ट यांनी कृपया सांगावे.