मदत हवी आहे : फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवलाय, पण गाडी अडली

नमस्कार मंडळी. दोन वर्षं खिडकीच्या उजेडात घरच्यांचे फोटो काढतोय. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला की चेहरा सपाट येतो, म्हणून आता मॅन्युअल स्पीडलाइट (ताकद हाताने ठरवायचा सुटा फ्लॅश), तो दुरून उडवणारा रेडिओ ट्रिगर, स्टँड आणि उजेड मऊ करणारी ३३ इंची पांढरी छत्री घेतली.

काल संध्याकाळी आईला गच्चीवर तुळशीपाशी बसवलं. मागचं आकाश गडद यावं म्हणून शटर १/५०० सेकंद केलं, तर फोटोच्या खालच्या बाजूला काळा पट्टा. माझ्या कॅमेऱ्याची सिंक मर्यादा, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सर्वात वेगवान शटर, १/२०० आहे. तिथे पट्टा गेला, पण एफ/४ वर (लेन्सचं छिद्र मोठं) आकाश पांढरंफटक. छिद्र लहान करून एफ/११ केलं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला, फुल पॉवरवरसुद्धा आईचा चेहरा काळवंडलेलाच. छत्री सहा फुटांवर होती.

अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट मिळतो, म्हणजे तीन फुटांवर आणून भागेल का? की हाय स्पीड सिंकचा (सिंक मर्यादेपेक्षा वेगवान शटरवरही चालणारा) फ्लॅश घ्यावाच लागेल? एनडी फिल्टरने (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) फ्लॅशचा उजेडही तेवढाच कमी होणार ना?

आणखी एक, आईच्या चष्म्यात छत्रीचा पांढरा गोल दिसतो. चष्मा काढायला सांगायचा नाहीये, चष्म्याशिवाय ती आई वाटतच नाही. स्टँड किती वर, कोणत्या बाजूला ठेवू?