बँड, नवी गाणी आणि संगीताबाहेरचा वेळ

सहावी तार (प्रश्न)

आम्ही चौघे बऱ्याच वर्षांपासून एका रॉक बँडमध्ये एकत्र वाजवत आहोत. मी गिटार वाजवतो. गाण्याची चाल बहुधा प्रथम माझ्या हाताखाली तयार होते, परंतु तिला गाण्याचे रूप येते ते चौघे एकत्र बसल्यावरच. बँड उत्तम चालला आहे, कोणाचे कोणाशी भांडण नाही आणि कार्यक्रमही नियमित मिळतात. तरीही अलीकडे नवीन काही सुचले की दुसऱ्याच मिनिटाला लक्षात येते की हे आपण पूर्वीच केलेले आहे: तीच स्वरपट्टी, तार ओढून सूर चढवण्याची तीच लकब, ध्रुवपदाच्या आधी तोच छोटा विराम.

याच काळात संगीताबाहेरच्या काही गोष्टींत माझे मन फार रमू लागले आहे. सकाळी सायकल घेऊन बाहेर पडावे, कुंड्यांतली माती बदलावी, बंद पडलेला जुना रेडिओ उघडून त्यातला सुटलेला सांधा शोधावा, यात मला असा आनंद मिळतो की त्या वेळात गिटारची आठवणही होत नाही. मात्र गिटार पुन्हा हातात घेतली की हा वेळ बँडचा होता आणि तो आपण परस्पर खर्चून टाकला, असे वाटत राहते. आमच्या गायिकेने तर परवा सरळच विचारले की तुझे लक्ष हल्ली असते कुठे.

ज्यांनी बँडमध्ये दीर्घ काळ काढला आहे त्यांना माझा प्रश्न असा आहे की रोजच्या या साध्या सुखांनी सर्जनशीलतेला बळ मिळते, की तिच्या वाट्याचा वेळ त्यांच्यावर जातो? याला जोडूनच आणखी एक शंका आहे. आमच्याकडे जो चाल आणतो त्याच्याच नावावर गाणे लागते. त्यामुळे उरलेले तिघे माझ्याकडून काही येण्याची वाट पाहत थांबतात का, आणि हे ओझेच मला जड होत आहे का, हे मला ठरवता येत नाही.

डावा हात

मी ड्रम वाजवतो. आपला प्रश्न वाचताना मला प्रथम चार्ली वॉट्स आठवले. रोलिंग स्टोन्समध्ये ते 1963 मध्ये दाखल झाले आणि 2021 मध्ये मृत्यू येईपर्यंत ड्रममागची ती जागा त्यांचीच राहिली. बँडला पंचवीस वर्षे होत आली तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला होता तो असा की त्यातली पाच वर्षे काम करण्यात गेली आणि वीस वर्षे ताटकळण्यात. बँडमध्ये राहिलेल्या कोणालाही यात अतिशयोक्ती वाटणार नाही, कारण प्रवास, सामान उतरवणे, साउंडचेकसाठी, म्हणजे कार्यक्रमापूर्वीच्या आवाजाच्या चाचणीसाठी, खोळंबणे आणि दुसऱ्याचा सूर लागेपर्यंत काठ्या मांडीवर ठेवून बसणे, यातच दिवसाचा मोठा भाग संपतो. वॉट्स मूळचे ग्राफिक डिझाइनच्या व्यवसायातले होते. 1967 पासून दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात ते झोपले, तिथल्या पलंगाचे रेखाचित्र ते काढत गेले आणि हा नेम त्यांनी पुढे कित्येक वर्षे पाळला. त्या चित्रांचा बँडला काही उपयोग नव्हता, आणि माझ्या मते त्यांचे मोल नेमके तिथेच आहे. रात्री हजारो लोकांसाठी वाजवणाऱ्या माणसाला दिवसातली एक गोष्ट केवळ स्वतःसाठी करता आली.

रश या बँडचे ड्रमवादक नील पर्ट यांनी वेगळा मार्ग धरला. 1980 च्या दशकात ते दौऱ्यावर सायकल बरोबर नेत आणि पुढे 1996 पासून एका कार्यक्रमाच्या गावाहून दुसऱ्या गावाला मोटारसायकलने जाऊ लागले. 1990 च्या दशकाच्या मध्याला, म्हणजे जगातल्या उत्तम ड्रमवादकांत त्यांचे नाव घेतले जात असताना, ते फ्रेडी ग्रुबर या शिक्षकाकडे पुन्हा शिकायला गेले आणि काठी धरण्याची पद्धतसुद्धा त्यांनी बदलली. काठी कातड्यावर पडते त्या क्षणाकडे सगळ्यांचेच लक्ष असते. ग्रुबर यांचा भर दोन आघातांच्या मधल्या अवकाशात हात कसा फिरतो यावर होता. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपण ज्याला वाया गेलेला वेळ म्हणता तो पुष्कळदा असाच दोन आघातांमधला असतो.

माझा अनुभवही सांगतो. काही दिवस ड्रमला हात न लावता परत बसलो की पहिल्या गाण्यात हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, नेहमीपेक्षा किंचित सैल राहते आणि तिचा आवाज पसरतो. तो ऐकून आमचा बेस गिटार वाजवणारा मित्र न सांगता सूर आखूड तोडू लागतो, आणि पाठ झालेले गाणे आम्हाला पुन्हा कान देऊन ऐकावे लागते. मात्र एक सावधगिरी बाळगावी असे मी आग्रहाने म्हणेन: गाणे सुचावे म्हणून सायकल चालवू नये. सायकलीला गाण्याच्या कामाला जुंपले की तीही तालीमच होऊन बसते, आणि आपल्याला आज जे सुख मिळते आहे ते पहिल्याच आठवड्यात निघून जाईल.

चालीवर शब्द

वरील उत्तरातले बरेचसे मला मान्य आहे, परंतु सुख आणि निर्मिती यांत इतकी जाड भिंत घालावी असे मला वाटत नाही. बीटल्सचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी ‘हिअर कम्स द सन’ हे गाणे 1969 च्या वसंतात गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या बागेत रचले. त्या दिवशी बीटल्सच्या कंपनीत व्यवहाराची बैठक होती, तिला दांडी मारून ते तिकडे गेले होते. हिशेबाची कागदपत्रे, सह्या, वकील यांना कंटाळलेल्या माणसाला उघड्यावर ऊन लागले आणि हातात गिटार होती, एवढीच ती हकिगत आहे. ती सांगताना लोक बागेवर थांबतात. मला मात्र हातातली गिटार विसरता येत नाही. दहाएक वर्षे रोज वाजवून तयार झालेला हात तिथे नसता तर ती फक्त एक सुखाची दुपार झाली असती, आणि तसे झाले असते तरी त्यात काही वाईट नव्हते.

आपली खरी अडचण मला वेगळी दिसते. आपली बोटे आपल्याआधी ठरवून मोकळी होतात. आर.ई.एम. या बँडचे गिटारवादक पीटर बक यांनी मँडोलिन नुकतेच घेतले होते आणि टीव्ही पाहता पाहता ते त्यावर हात बसवत होते. त्यातून जी सुरावट निघाली तीवर 1991 चे ‘लूझिंग माय रिलिजन’ उभे आहे. मँडोलिनच्या शेजारशेजारच्या तारा षड्ज-पंचमाच्या अंतराने मिळवलेल्या असतात आणि गिटारच्या, एक जोडी सोडली तर, षड्ज-मध्यमाच्या. त्यामुळे गिटारवादकाची बोटे सवयीच्या जागी जातात आणि तिथे भलताच सूर सापडतो. मग माणसाला ऐकावेच लागते, आणि ऐकू लागलेला माणूस पुन्हा गाणे करू शकतो, असा माझा अनुभव आहे.

हेच संपूर्ण बँडला मिळून करता येते. संगीतकार ब्रायन ईनो यांनी पीटर श्मिट या चित्रकाराच्या साथीने 1975 मध्ये पत्त्यांचा एक संच प्रसिद्ध केला होता. काम अडले की पान उचलायचे आणि त्यावरची सूचना पाळायची. गायक डेव्हिड बोई यांच्या 1979 च्या अल्बमवर त्यांच्याबरोबर काम करताना एका गाण्यासाठी वादकांनी वाद्येच बदलून घेतली: गिटारवादक कार्लोस अलोमार ड्रमवर बसले आणि ड्रमवादक डेनिस डेव्हिस यांनी बेस घेतला.

आमच्या बँडने हा प्रयोग केला तेव्हा बेसवादकाच्या वाट्याला कीबोर्ड आला. त्याला दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे स्वरसमूह, येत होते, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना काळ्या पट्टीवरचे बोट शोधायला त्याला वेळ लागे. त्या रिकाम्या जागेत ड्रम एकटे वाजत राहत. मी गात होते. दोन-तीन फेऱ्यांनंतर माझी ओळ आपोआप त्या जागेत जाऊन बसू लागली, म्हणजे कॉर्ड संपल्यावर शब्द आणि शब्द संपल्यावर कॉर्ड. पुढे त्याचा हात कीबोर्डवर चांगला बसला, तरी ते गाणे आम्ही त्याच अंतराने वाजवतो. अशी जागा मला वहीसमोर बसून कधीही सुचली नसती.

ध्वनिमंच

मी बँडमध्ये वाजवत नाही, ध्वनिमुद्रण करतो. त्यामुळे अनेक बँड मला काचेच्या पलीकडून पाहायला मिळतात. श्रेयाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, आणि मला तर आपल्या पत्रातला तोच भाग सर्वांत निकडीचा वाटतो.

क्वीन या बँडमध्ये सुरुवातीची अनेक वर्षे ज्याने गाणे लिहिले त्याचे नाव लागे. 1975 मध्ये त्यांची सर्वांत गाजलेली सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेली तबकडी, निघाली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला ड्रमवादक रॉजर टेलर यांचे गाणे होते. तबकडीवर दोन्ही बाजूंना सारखाच मोबदला मिळत असल्याने मागच्या बाजूच्या गाण्याचेही उत्पन्न पुढच्या गाण्याइतकेच झाले, आणि यावरून बँडमध्ये बराच काळ कटुता राहिली. 1989 च्या अल्बमपासून त्यांनी सर्व गाणी चौघांच्या नावावर लावायला सुरुवात केली. आर.ई.एम.ने हा मार्ग फार आधी धरला होता. गाण्याचा आरंभ कोणाकडूनही झाला तरी नावे चौघांचीच असत. त्यांचे ड्रमवादक बिल बेरी 1997 मध्ये बँड सोडून शेतीकडे वळले. आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण जाणार नाही, असे त्यांनी आधी इतर तिघांना सांगितले होते. उरलेल्या तिघांनी 2011 पर्यंत काम केले. जिथे नावासाठी ओढाताण नसते तिथे माणूस अशी गोष्ट मोकळेपणाने बोलू शकतो, असे मला त्यावरून वाटते.

कायद्याच्या दृष्टीने शब्द व चाल यांचा हक्क वेगळा आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. ड्रमचा ठेका किंवा बेसची सोबत पुष्कळदा रचनेच्या हक्कात धरली जात नाही, गाण्याची ओळख तिच्यावरच असली तरीही. म्हणून वाटणी तोंडी ठेवू नये. गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वी एका कागदावर टक्केवारी लिहून चौघांनी सही करावी. माझे मत समान वाटणीच्या बाजूने आहे, आणि त्यामागे न्यायापेक्षाही मला तालमीत दिसणारा फरक अधिक आहे: ज्याच्या नावावर काहीच लागणार नसते तो दुसऱ्याच्या गाण्यात चूक दिसली तरी गप्प बसतो. जुन्या गाण्यांना मात्र हात लावू नये, त्यातून नवे तंटे निघतात.

सहावी तार

तिघांचेही मनापासून आभार. श्रेयाचे मी आजच इतरांना कळवले. बेसवादकाचे उत्तर लगेच आले की त्याच्याकडे दोन रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायच्या छोट्या सुरावटी, कित्येक महिने पडून आहेत, पण माझ्या चालींच्या रांगेत ते कुठे घुसवायचे हे त्याला कळत नव्हते. हे वाचून मला आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले. पुढच्या तालमीला आम्ही त्या रिफांपासून सुरुवात करणार आहोत आणि मी त्या दिवशी गिटारऐवजी बेस घेणार आहे. गायिकेला मी सायकल आणि रेडिओविषयी सविस्तर सांगितले. तिला राग नव्हता, मी बँड सोडतो आहे की काय अशी भीती होती.

एक लहानसा प्रश्न उरतो. सायकलवर असताना क्वचित सुरावट डोक्यात येते. थांबून ती फोनमध्ये गुणगुणून ठेवावी, की जाऊ द्यावी?

डावा हात

जाऊ द्यावी. जी टिकायची ती घरी पोहोचेपर्यंत टिकते.

चालीवर शब्द

मी ठेवते. माझ्या कितीतरी सुरावटी घरी पोहोचेपर्यंत टिकलेल्या नाहीत, आणि त्यांतल्या काही मला हव्या होत्या. थांबावे, फोनमध्ये गुणगुणावे आणि पुढे निघावे. लगेच ऐकून पाहू नये, कारण ऐकले की तिथेच ती दुरुस्त करायचा मोह होतो आणि सायकल बाजूला पडते. मी असे तुकडे नाव न देता केवळ तारखेने साठवते आणि तालमीच्या आदल्या रात्री एकदाच ऐकते. जो ऐकताना कोणत्या वाद्यावर वाजेल हे मनात येते, तेवढाच तुकडा दुसऱ्या दिवशी बँडपुढे नेते.