ताण तुमच्या अंगात कुठे बसतो? आणि अंगातून तो कसा काढलात?

गेल्या डिसेंबरात उजवीकडची मागची दाढ ठणकायला लागली म्हणून डेंटिस्टकडे गेले, मला वाटलं कीड असेल, फिलिंग करून मोकळं होऊ. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या कीड नाहीये, दाढेला चीर गेलीय आणि बाकीच्या दाढाही वरून झिजून सपाट झाल्यात, झोपेत दात खाता का? मी ठामपणे नाही म्हणाले. घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे दोन वर्षं खातेयस, मला वाटलं तुला माहितीय. दोन वर्षं म्हणजे आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून. आठवड्यातून तीन वेळा तिला न्यायचं, चार तास तिथं बसायचं, उरलेल्या दिवशी बँकेत काउंटर, आणि या सगळ्यात मी एकदाही रडले नाही याचं मला कौतुक वाटायचं.

रात्री दातांवर घालायला नाईट गार्ड मिळालं, दाढ वाचली. पण त्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट जास्त कामाला आली. ओठ मिटलेले असले तरी आतले दात एकमेकांना टेकलेले नसावेत, चावताना आणि गिळताना काय ते टेकतात. मी दिवसभर लक्ष ठेवलं तर सिग्नलला, लिफ्टमध्ये, फोन वाजला की, सगळीकडे दातावर दात घट्ट! आता कॉम्प्युटरच्या कडेला एक लाल टिकली चिकटवलीय, तिच्यावर नजर गेली की जबडा सैल सोडायचा.

आजार अंगावर काढला म्हणतो ना आपण, तसं मनाचं दुखणंही आपण अंगावरच काढतो असं मला वाटायला लागलंय. पोटात गोळा आला, हातपाय गळाले, जीव मुठीत धरला, छातीवर दगड ठेवला, भाषेला हे कधीच कळलेलं आहे. तुमचं कुठे बसलंय ते लिहा, आणि हलवलं कसं तेही. औषधांची नावं नकोत, अनुभव हवेत.

*

पुणे, स्पर्धा परीक्षा, पाचवं वर्ष

माझं सगळं पोटात. अभ्यासिकेत सकाळी ७ ला बसलो की ८ पर्यंत दोनदा उठावं लागायचं, पेपरच्या दिवशी तर विचारूच नका. मेसचं जेवण बदललं, दूध सोडलं, दुर्बीण घालून तपासणी झाली, सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं की आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं, तुला होतंय ते खरं होतंय, नाटक नाही. नुसतं हे ऐकूनच अर्धं बरं वाटलं मला. आता संध्याकाळी पुस्तक मिटून पर्वती चढतो, वर पोचलो की पाच मिनिटं काही न करता बसतो. पूर्ण गेलेलं नाही, पण अभ्यासिकेत सलग तीन तास बसता येतं.

*

फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर

रोज बघते म्हणून लिहिते. मान धरली म्हणून पेशंट येतो, मी म्हणते खांदे खाली सोडा, तो म्हणतो सोडलेलेच आहेत, आणि खांदे कानाला लागलेले असतात. खोटं बोलत नाही तो, त्याला खरंच कळत नाही. संकट आलं की शरीर लढायची नाहीतर पळायची तयारी करतं, स्नायू ताठ होतात, श्वास वरच्यावर चालतो. हे काही मिनिटांपुरतं असतं तेव्हा उपयोगाचंच आहे. पण कर्जाचा हप्ता, साहेब, घरातलं आजारपण यांच्याशी लढताही येत नाही आणि त्यांच्यापासून पळताही येत नाही, मग ती तयारी तशीच अंगात राहते आणि काही महिन्यांनी तेच आपलं नेहमीचं अंग वाटायला लागतं.

म्हणून "रिलॅक्स व्हा" म्हणून काही होत नाही. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी एक साधी रीत बसवली, मी तीच शिकवते. आधी मुद्दाम आवळायचं. मूठ पाच-सात सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि त्या सुटण्याकडे वीसेक सेकंद लक्ष द्या. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. आवळलेलं आणि सुटलेलं यातला फरक अंगाला एकदा कळला की दिवसातही लक्षात यायला लागतं. जिथं आधीच दुखतंय तिथं जोर करू नका, बीपी असेल तर श्वास कोंडून ठेवू नका. आणि श्वास बाहेर सोडताना आत घेतला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लावा, उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, मनगटावर बोट ठेवून बघा.

*

एक विनंती आहे. छातीत जड वाटतंय, डावा हात भरून येतोय, तर टेन्शन असेल म्हणून बसून राहू नका. माझे मिस्टर ४६ वर्षांचे होते, ऑफिसचं टेन्शन होतंच, म्हणून आम्ही दोघांनी दोन दिवस तेच समजून काढले. आधी ईसीजी, बाकी सगळं नंतर. एवढंच लिहायचं होतं.

*

नर्स, नाशिक जिल्हा

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये आमचा वॉर्ड कसा होता ते लिहित नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीय. तेव्हा मला काहीच झालं नाही, धड सर्दी पण नाही. जुलैत वॉर्ड रिकामा झाला आणि केस जायला लागले, वेणी घातली की हातात पुंजका. स्किनच्या मॅडम म्हणाल्या मोठा धक्का बसला की केसांची मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, परत येतील. म्हणजे एप्रिलचा हिशोब जुलैत निघत होता.

आले केस परत. पण हात मात्र गार आणि ताठ, झोपेतसुद्धा मुठी. त्या श्रावणात माहेरी वहिनीच्या मंगळागौरीला गेले, जायचं नव्हतं खरं तर. आत्याने ओढलं फुगडीला. ज्यांनी घातलीय त्यांना माहीत असेल, पावलं जुळवायची, हातांची अढी घालायची आणि मागे रेलायचं, आपलं सगळं वजन समोरच्या बाईवर सोडल्याशिवाय फुगडी फिरतच नाही. मी सोडेना. आत्या म्हणाली, अगं रेल की, मी धरलंय. आणि मी रेलले आणि इतक्या जोरात फिरलो आम्ही, थांबल्यावर मी तिथंच खाली बसून रडले, हात थरथरत होते, कुणी काही विचारलं नाही, आईने पदराने तोंड पुसलं फक्त. वॉर्डात दीड वर्ष मी सगळ्यांना धरत होते, मला कुणी धरलं नव्हतं.

*

न्यू जर्सी. नोकरी गेली, एच-वन-बी म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसावर नवी शोधायला फक्त ६० दिवस, मुलगी दुसरीत. डाव्या डोळ्याची पापणी जी उडायला लागली ती थांबेचना. धावलो, योगा केला, दारापुढचा बर्फ उपसला, घाम निघायचा आणि तासभर बरं वाटायचं. थांबली कधी तर नव्या कंपनीने कागद दाखल केले त्या आठवड्यात. हे मुद्दाम लिहितोय, कारण काही वेळा व्यायाम कमी पडत नसतो, कारणच अजून समोर उभं असतं, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

*

शिक्षक, औसा तालुका

वर पुण्याच्या भावाने लिहिलं म्हणून मी पण लिहितो, हे मी घरी पण धड सांगितलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. रात्री गणपती बोळवून सगळी दमून झोपलेली, मी अकरा वर्षांचा. आमच्याकडं दगडमातीच्या जाडजाड भिंती अन वर माळवद, ते सगळं खाली आलं. मला काकानं बाहेर काढलं, आजी गेली. पुढं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडात होतो.

आता चाळिशी उलटली, पण झोप पावणेचारला उघडते ती उघडतेच, गजर लागत नाही. आणि जाग येते तेव्हा पोटऱ्या दगडासारख्या, पावलं ताणलेली, म्हणजे पळायच्या तयारीत. चप्पल खाटेजवळ, तोंड दाराकडं. मी पायाला तेल लावायचो, गोळे येतात म्हणून केळी खायचो, डॉक्टरला पाय दाखवले. तारखेशी याचा संबंध कधी लावलाच नाही, फिजिओ ताईंचं वाचताना आत्ता लागतोय.

एक मात्र झालं. शाळेत २६ जानेवारीसाठी लेझीम बसवायचं माझ्याकडं असतं. पोरांना दाखवताना स्वतः करावं लागतं, खाली बसून उठायचं, पाय पुढं टाकून वाकायचं, हलगीवर तासभर. पहिल्या दिवशी पाय भरून आले अन रात्री झोपलो ते सहाला उठलो. मला वाटलं दमलो म्हणून असेल. पण शेतात खुरपून, पाणी देऊन पण दमतो की मी, तेव्हा पावणेचारला जाग येतेच. लेझमात काय वेगळं ते मला सांगता येत नाही, पोरं सोबत असतात, ठेका असतो, पाय आपटायला मिळतात. आता वर्षभर आठवड्यातून तीन दिवस घेतो, परीक्षा असली तरी. त्या रात्री झोप लागते. सगळ्या नाही.

*

(हा धागा काढणारी, दाढेवाली) सर, तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. एक विचारू? फिजिओ ताईंनी दिलंय ते पोटऱ्यांचं आवळून सोडणं जाग आल्यावर तिथंच पडल्या पडल्या केलं तर?

*

केलं ताई काल. पावलं आवळली, सोडली, चार-पाच वेळा. सोडल्यावर पायाला मुंग्या आल्या अन एकदम आजी आठवली, भिंत नाही, तिचं तोंड आठवलं, ती माझ्या अंगावर गोधडी सारखी करायची ते. बायकोला उठवलं अन तिला सांगितलं सगळं, उजाडेपर्यंत बोलत बसलो. आज परत करणार आहे.