पोर्ट्रेटला मराठीत नक्की काय म्हणायचं?

चिंचोके
आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एका जुन्या ड्रॉइंग मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन लावतोय, चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलंय. एका चित्रात एक बाई बसलीय, नऊवारी, डोक्यावरून पदर, एका हाताची बोटं दुसऱ्या हातातल्या बांगडीवर. कोण ते कुणालाच माहीत नाही. मी लिहिलं 'अनोळखी स्त्रीचे व्यक्तिचित्र, कोळसा'. कमिटीतले एक सर म्हणाले व्यक्तिचित्र म्हणजे लेख असतो, दिवाळी अंकात येतो तो, इथे 'तैलचित्र' लिहा. अहो पण चित्र कोळशाचं आहे, तेलाचा थेंब नाही त्यात! तर म्हणे मग 'तसबीर' लिहा. मास्तरांची सून तिथेच उभी होती, तिला तसबीर नको, कारण तसबीर म्हटलं की हार डोळ्यांपुढे येतो. मला दोघांचंही थोडं थोडं पटलं आणि चिठ्ठी अजून कोरीच आहे. शनिवारी उद्घाटन. तुम्ही काय लिहाल?

दौतटाक
व्यक्तिचित्रच लिहा, बरोबर शब्द आहे. तैलचित्राचा घोळ बातम्यांनी केलाय. 'तैलचित्राचे अनावरण' हे इतकं घासून गुळगुळीत झालंय की मोठ्या माणसाचं फ्रेममधलं काहीही असलं की ते तैलचित्र, मग भले कॅनव्हासवर फोटोची प्रिंट मारलेली असो. तेलरंगात काढलेली पेरूची टोपली पण तैलचित्रच की! तो रंगाचा शब्द आहे, माणसाचा नाही.
आणि कृपया 'व्यक्तीचित्र' असं दीर्घ लिहू नका कुणी. एकटी असेल तर व्यक्ती, समासात व्यक्तिचित्र.

ब्रशपाणी
मी जेजेचा, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा. पाच वर्षांत स्टुडिओत व्यक्तिचित्र हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही, तो परीक्षेच्या पेपरात आणि कॅटलॉगात. आम्ही 'पोर्ट्रेट करतो'. चित्र काढतो, फोटो काढतो, पण पोर्ट्रेट 'करतो', हे पण बघा. मॉडेलला बसवलं की खुर्चीच्या पायांभोवती आणि तिच्या चपलांभोवती खडूने रेघ मारायची, म्हणजे पाय मोकळे करून आली की परत तिथेच तशीच बसते. मग तासाभराने सर मागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, लाइकनेस आला का? तो लाइकनेस म्हणजे पोर्ट्रेट. व्यक्तिचित्र म्हटलं की मला पण स्वभाव, लकबी, किस्से असलंच आठवतं, सर अगदीच चुकीचे नाहीत.

सांजवात
लाइकनेसला आपल्याकडे हुबेहूब आहे ना? आणि चेहरेपट्टी पण.

ब्रशपाणी
हुबेहूब फार झालं. हुबेहूब फोटो पण असतो.
अजून एक सांगतो. हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र, म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, 'ग्लो ऑफ होप'. निम्मे लोक रविवर्म्याचं समजतात आणि ऑइल समजतात, आहे जलरंगात. त्याला उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी. मग ते तिचं पोर्ट्रेट का? माझ्या मते नाही, कारण चित्र तिच्याबद्दल नाहीच, त्या उजेडाबद्दल आहे. चिंचोके, तुमच्या बाईचं पण हेच विचारा स्वतःला. मास्तरांनी तिला काढलंय की बांगडीवरच्या बोटांना?

तिसरी घंटा
मग पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातलं काय करायचं? देऊसकरांची दोन चित्रं आहेत, एकात बालगंधर्व पुरुषवेशात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. माणूस एकच. दुसरं पोर्ट्रेट कुणाचं, नटाचं की नाटकातल्या बाईचं? मी लहानपणी आईला विचारलं होतं ही बाई कोण, आई म्हणाली हेच ते, आणि मी कितीतरी वेळ दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले होते.

मांडवीकाठ
गोव्यात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी फोटोला 'रेत्रात' म्हणायच्या, पोर्तुगीज रेत्रातू. गंमत म्हणजे पोर्ट्रेटचं मूळ लॅटिनमध्ये 'पुढे ओढणे' असं आहे, फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, आणि रेत्रातूचं मूळ 'मागे ओढणे'. ओढणं दोन्हीकडे. आणि आपण चित्र 'काढतो'! विहिरीतून पाणी काढतो तसं. मला तर वाटतं आपलं क्रियापदच सगळ्यात जवळचं आहे.

दौतटाक
सुंदर. आणि 'व्यक्ति' म्हणजे तरी काय, संस्कृतात प्रकट होणं, उघड होणं. म्हणजे व्यक्तिचित्र मुळापासून बरोबर ठरतं. लेखाला तो शब्द नंतर जोडला गेला असणार.

जुनं दप्तर
मुळावरून वापर ठरत नाही हो, दरवेळी तेच. लोकांना आज जे कळतं ते खरं. आणि तसबीर काय वाईट आहे? अरबी तस्वीर, आपण व चा ब केला, जवाबचा जबाब केला तसाच. वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात आला, त्याने सवाई माधवरावांची, नाना फडणविसांची चित्रं केली, समोर जिवंत माणसं बसवून. तेव्हा फोटोच नव्हता, त्यामुळे हाराचा अर्थ तसबिरीला फोटो घरोघरी आल्यावर चिकटला असं माझं मत. सुनेला समजावून सांगा.

सांजवात
सुनेला का समजावायचं? तिच्या घरात सासऱ्यांचीच तसबीर असेल हार घातलेली. शब्द तिच्या भिंतीवर लटकतोय, तुमच्या दप्तरात नाही.

कंपोझिटर
आमच्या छापखान्यात पोर्ट्रेट म्हणजे उभं पान. लँडस्केप म्हणजे आडवं. कॉलेजची पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात, काका पोर्ट्रेटमध्ये काढा म्हणतात, त्यात माणसाचा चेहरा असायची गरजच नाही. माझा मुलगा मोबाइलवर पोर्ट्रेट म्हणतो तेव्हा त्याला मागचं धूसर हवं असतं. चिंचोके, चिठ्ठीवर नुसतं 'बांगडी घातलेली बाई, कोळसा' लिहा की.

चिंचोके
सगळ्यांचे आभार, पण ते लिहिलं तर सर म्हणतील हे वर्णन झालं, प्रकार लिहा. बाकीच्या चिठ्ठ्यांवर स्थिरचित्र, निसर्गचित्र असं आहे ना. 'छबी' कसं वाटतं?

जुनं दप्तर
छबी गोड आहे पण त्यात देखणेपणा येतोच, मूळ छवि म्हणजे कांती. छबीदार म्हणतो ना आपण. देवीचा छबिना पण त्यातलाच, देवीची छबी मिरवतात म्हणून.

मांडवीकाठ
नाही नाही. छबिना फारसी शबीनावरून, शब म्हणजे रात्र. रात्रीचा पहारा, रात्रीची मिरवणूक. छबीशी काही संबंध नाही.

जुनं दप्तर
लोक छबी समजूनच म्हणतात ना पण, मग संबंध झाला.

दौतटाक
आत्ता वर म्हणालात मुळावरून ठरत नाही, आणि मूळ सांगायला लागलात तेही चुकीचं.

सांजवात
मी तुळजापूरची. आमच्याकडे छबिना रात्रीच निघतो. आजी हात धरून न्यायची, आणि गर्दीत मला उचलून घेऊन म्हणायची, बघ, मुखडा बघ. छबी नाही म्हणायची, मुखडा म्हणायची.